मोठ्या आवाजात ऐकावे

कशाची परवानगी मागावी आणि कशाची मागू नये, याचं एक शास्त्र असतं. ज्यांना ते येतं ते सुखी असतात. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी भिंत फोडून खिडकीचं दार केलं, तेव्हा त्यांनी कुणाला विचारलं नाही. गच्चीवर कुणीतरी कबुतरं पाळली, तीही न विचारता. अनुस्वारकाकांनी मात्र आपल्याच घरात, आपल्याच खुर्चीत बसून, आपलीच एक रेकॉर्ड ऐकायची परवानगी मागितली आणि पुढचा सगळा घोळ तिथून सुरू झाला.

अनुस्वार हे काकांचं खरं नाव अर्थातच नव्हे. त्यांनी उभा जन्म एका छापखान्यात मुद्रितं तपासली. तिथल्या खिळे जुळवणाऱ्यांनी त्यांना हे नाव दिलं, कारण ते अंगाने लहान, आणि सगळ्यांपासून जरा बाजूला, गप्प बसलेले असायचे. आहेत की नाहीत हे मुद्दाम बघितल्याशिवाय कळत नसे. निवृत्तीच्या दिवशी छापखान्याने शाल दिली, नारळ दिला, आणि नावही परत घेतलं नाही.

अशा माणसाचं एका परदेशी रॉक बँडवर प्रेम आहे, असं कुणी सांगितलं तर लोक आधी हसत आणि मग आपणच चुकीचं ऐकलं असं समजून विषय बदलत. पण प्रेम होतं, आणि ते तरुणपणापासून होतं. चौघे जण. कव्हरवरच्या फोटोत चौघांचेही केस खांद्याखाली, आणि चौघेही फोटोग्राफरवर रागावल्यासारखे उभे. त्यांच्या कार्यक्रमात पुढच्या रांगेतल्या लोकांना दोन-दोन दिवस नीट ऐकू येत नसे म्हणतात. काका त्यांना 'आमची मंडळी' म्हणत. मंडळींचा ड्रमवाला पहिल्या गाण्यात तालावर अगदी केसभर उशिरा येतो, आणि त्या केसभर उशिरात काकांचा जीव कायमचा अडकला होता. हा उशीर मुद्दाम आहे की चूक आहे? मुद्रितशोधकाला असे प्रश्न झोपू देत नाहीत.

आता गंमत अशी, की जगातल्या सर्वांत मोठ्या आवाजाच्या या बँडला काकांनी कधी मोठ्या आवाजात ऐकलंच नव्हतं. त्यांच्या रेकॉर्ड प्लेअरच्या बटणावर शून्यापासून दहापर्यंत आकडे होते. बटण दोनच्या पुढे कधी गेलं नाही. आधी शेजारच्या खोलीत वडील झोपलेले असत. मग लग्न झालं आणि नव्या नवरीला काय वाटेल म्हणून. मग मुलगी पाळण्यात होती. मग मुलीच्या परीक्षा आल्या, आणि परीक्षा एकदा सुरू झाल्या की संपत नाहीत. मुलगी सासरी गेली तोवर वरच्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिका राहायला आल्या होत्या. त्यामुळे काका स्पीकरच्या कापडाला गाल लावून ऐकायचे. रेकॉर्ड संपली की गालावर जाळीची नक्षी उमटलेली असे, आणि त्यावरून काकूंना कळे, आज मंडळी येऊन गेली.

यात टोचणी एकच होती. कव्हरच्या पाठीमागे, अगदी खाली, बारीक टाइपात त्या परदेशी भाषेत एक ओळ छापलेली होती: ही रेकॉर्ड मोठ्या आवाजात ऐकावी. काका छापील शब्द मानणारे. औषधाच्या बाटलीवर 'हलवून घ्यावे' असेल तर ते हात दुखेपर्यंत हलवत. बागेतल्या गवतावर चालू नये अशी पाटी असेल तर ते बागेतच जात नसत. उभ्या आयुष्यात छापलेली एवढी एकच आज्ञा त्यांनी मोडली होती, आणि तीही रोज.

तरी ते तसंच चाललं असतं. पण कानाच्या डॉक्टरांकडे जायची वेळ आली. तिथे काकांना एका काचेच्या खोलीत बसवलं, कानावर हेडफोन चढवले आणि हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. काकांना आवाज येत होते, पण तो आला की आल्यासारखा वाटला? खात्री असल्याशिवाय त्यांनी आयुष्यात कुठे खूण केली नव्हती. ते खात्रीची वाट बघत राहिले. बाहेर आल्यावर डॉक्टर कागद बघत म्हणाले, "या चाचणीप्रमाणे मी आत्ता बोलतोय ते तुम्हाला ऐकू येत नाहीये."

"येतंय," काका ओशाळून म्हणाले.

चाचणी पुन्हा झाली. या वेळी डॉक्टर हसले नाहीत. उजवा कान गेल्यात जमा होता. डाव्याचंही जायचं ठरलेलं दिसत होतं, वर्षभर रेंगाळेल फार तर. मग यंत्र लावता येईल, माणसांचं बोलणं कळेल. गाणं मात्र पत्र्याच्या डब्यात वाजल्यासारखं येईल. डॉक्टर भले होते. निघताना ते म्हणाले, "काही ऐकायचं राहिलं असेल तर ऐकून घ्या, काका."

काका पायीच घरी आले. रस्त्यावर मोटारी होत्या, कुणी भांडत होतं, एका दुकानाचं शटर वर जात होतं, आणि काका सगळ्याकडे डावा कान करून चालत होते. राहिलं होतं ते एकच. दोनच्या पुढे काय असेल? जुन्या पुस्तकांत कधी कधी पानं कापायची राहून जातात. दोन पानांच्या मध्ये काहीतरी छापलेलं असतं, पण ते कुणी वाचलेलं नसतं. आपली रेकॉर्ड अशीच न कापलेली राहिली, असं त्यांना वाटलं, आणि घाबरल्यासारखंही झालं. कापून बघितलं आणि आत काहीच नसलं तर?

काकूंना सांगितल्यावर काकू क्षणभर त्यांच्या डाव्या कानाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "लावा की मग. आत्ता लावा. मी कापूस घालते कानात."

"लोकांना विचारायला नको?"

"कशाला?"

या 'कशाला'चं उत्तर काकांकडे नव्हतं. म्हणून त्यांनी अर्ज लिहिला.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी अर्ज वाचला आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिला भाव आला तो संशयाचा. त्यांच्या कारकिर्दीत असा अर्ज कुणी केला नव्हता. लोक आधी आवाज करत, मग दुसरे लोक तक्रार करत, मग सेक्रेटरी दोघांकडे चहा पीत. ही घडी नीट बसलेली होती. आवाजाच्या आधीच अर्ज आला, तर त्याचं करायचं काय? त्यांनी बराच विचार केला आणि असा निर्णय दिला की सोसायटीची काही हरकत नाही, मात्र पोलीस ठाण्याची हरकत नाही असं आधी कळायला हवं.

पोलीस ठाण्यात काका दोन वेळा दारापर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्यांदा आतून बाहेर येणाऱ्या एका माणसाने त्यांना वाट द्यायला म्हणून दार धरून ठेवलं, आणि मग सभ्यपणाने परत फिरणं शक्य नव्हतं. ठाणे अंमलदार मोठे सोशीक होते. आयुष्यात पहिल्यांदाच गुन्हा घडण्याआधी कुणीतरी आलं होतं. त्यांनी विचारलं, माणसं किती जमणार? काका म्हणाले, मी. मंडप? नाही. मिरवणूक? नाही. निमित्त काय? काकांनी विचार करून सांगितलं, श्रवण. अंमलदारांनी पेन खाली ठेवलं. ते म्हणाले, नुसतं ऐकण्यासाठी परवानगी देण्याची सोय नाही. कार्यक्रम असेल तर देता येते. कार्यक्रम म्हटला की आयोजक हवा, अध्यक्ष हवा, आणि शक्यतो चार खुर्च्या.

"मी घरीच ऐकणार होतो," काका म्हणाले.

"मग इथे कशाला आलात?" अंमलदारांनी खरोखरच कुतूहलाने विचारलं.

अशा रीतीने सोसायटी आयोजक झाली, सेक्रेटरी अध्यक्ष झाले, आणि रविवारी दुपारी चार ते पाच या वेळेत काकांच्या बैठकीच्या खोलीत एक सांस्कृतिक कार्यक्रम ठरला. काकांच्या मनात होतं की एकट्याने बसावं, डोळे मिटावे आणि एकदाच काय ते ऐकावं. आता त्यांना स्वागत करायचं होतं.

वरच्या मुख्याध्यापिका बाईंची संमती तेवढी बाकी होती. बाई काठी टेकत खाली आल्या, कव्हर हातात घेऊन चौघांकडे बघितलं, आणि चौघेही जरा सरळ उभे राहिल्यासारखे काकांना वाटले. गाण्याचा अर्थ समजल्याशिवाय आपण संमती देत नसतो, असं बाई म्हणाल्या. काकांनी बसून पहिल्या गाण्याचं भाषांतर केलं. काम सोपं होतं, पण झाल्यावर वाचून बघितलं तेव्हा त्यांना घाम फुटला. ज्या गाण्याने तरुणपणी त्यांचे डोळे भरून आले होते, ते कागदावर असं दिसत होतं: 'बाळा, ये. बाळा, ये ना. बाळा, मी रात्रभर गाडी चालवली.' पुढेही बाळाला हाका होत्याच. बाईंनी ते लाल पेनाने तपासलं. समासात लिहिलं होतं, 'पुनरुक्ती. बाळ शेवटपर्यंत येत नाही, याचा खुलासा नाही.' खाली संमतीची सही होती. काकांना वाईट वाटलं ते एवढंच, की शेरा बरोबर होता.

मग सल्ले सुरू झाले. सल्ला देताना माणूस किती प्रेमळ होतो, हे बघण्यासाठी तरी एकदा अडचणीत यावं. दातांचे डॉक्टर म्हणाले, आवाज कानात जाण्याआधी दातांतून जातो, तेव्हा तोंड किंचित उघडं ठेवा. कुणी म्हणालं खिडक्या उघड्या ठेवा, नाहीतर काचा फुटतील. कुणी म्हणालं बंद ठेवा, नाहीतर कबुतरं मरतील. सेक्रेटरींनी ऐकलं होतं, की भिंतींना गाद्या लावल्या तर आवाज घराबाहेर जात नाही. हा सल्ला मात्र इमारतीत वणव्यासारखा पसरला, कारण प्रत्येकाच्या घरात एक जुनी गादी होती आणि ती टाकायची कुठे हा प्रत्येकाचा प्रश्न होता. शुक्रवारी संध्याकाळपासून गाद्या यायला लागल्या. कापूस गोळा झालेल्या, स्प्रिंगा बाहेर आलेल्या, एक तर पाळण्यातली. लोक दारात गादी ठेवून म्हणत, "तुमच्यासाठी काढून ठेवली होती, काका." काकांना नाही म्हणता येत नव्हतं. शनिवारी दुपारी त्यांना स्वतःच्या पलंगावर चढण्यासाठी स्टूल लागलं.

काकू म्हणाल्या, "बँड ऐकायचाय की दवाखाना काढायचाय?"

शनिवारीच जावई आले. जावयांनी सासऱ्यांचा जुना रेकॉर्ड प्लेअर बघितला आणि कळवळून म्हणाले, "हे स्पीकर मांजराच्या पिल्लांसाठी आहेत, बाबा." त्यांचा एक मित्र मोठमोठ्या सभागृहांना ध्वनियंत्रणा पुरवायचा. त्याच्याकडून त्यांनी आवाज वाढवायचं एक यंत्र आणि दोन स्पीकर आणले. ते उभे केल्यावर काकांच्या डोक्याच्या वर गेले. घरात दोन पाहुणे आलेत आणि बसा म्हटलं तरी बसत नाहीत, असं दृश्य दिसायला लागलं. काकांनी हळूच विचारलं, घराच्या वायरिंगला हे पेलेल ना? जावई म्हणाले, काही होत नाही. जावई काही होत नाही म्हणाले की काकू देवाचं नाव घेत.

रविवार उजाडला. चार वाजायच्या आधीच खोली भरली. भिंतीला गाद्या, गाद्यांना टेकून माणसं. बाई पहिल्या खुर्चीवर, भाषांतर हातात घेऊन. काकांना स्वतःच्या घरात बसायला जागा उरली नाही, तेव्हा त्यांनी पाळण्यातली गादी घेतली आणि ते रेकॉर्ड प्लेअरशेजारी जमिनीवर बसले. अध्यक्षांनी ध्वनिप्रदूषणाच्या धोक्यांवर भाषण केलं. आपल्या सोसायटीने शांततेची परंपरा कशी जपली आहे, हे त्यांनी सविस्तर सांगितलं. घड्याळ पुढे सरकत होतं. परवानगी पाचपर्यंतच होती, आणि काका घड्याळाकडे बघणं असभ्य दिसेल म्हणून घड्याळाच्या काचेत पडलेल्या खिडकीच्या प्रतिबिंबाकडे बघत होते.

शेवटी भाषण संपलं. काकांनी सुई ठेवली. जावयांनी खूण केली, आणि काकांनी नव्या यंत्राचं बटण स्वतःच्या हाताने शेवटपर्यंत फिरवलं.

आधी नुसती खरखर आली. पण केवढी! वाळूची गाडी रिकामी करावी तशी. काकांनी डावा कान पुढे केला. खरखरीच्या मागे एक खोली होती. त्यांना ती स्पष्ट ऐकू आली: मोठी, रिकामी, लाकडी जमिनीची खोली. कुणीतरी खुर्ची सरकवली. कुणीतरी श्वास घेतला. इतकी वर्षं काका या जागेला कोरी जागा समजत होते. आणि मग, अगदी हळू, तोंड दुसरीकडे करून बोलल्यासारखा, चौघांपैकी एकाचा आवाज आला. त्याच्या भाषेत तो म्हणाला, "फार जोरात तर होणार नाही ना?"

काकांनी कान आणखी पुढे केला.

आणि ड्रमवर पहिली काठी पडली. धम्म असा अर्धाच आवाज आला, कारण उरलेला अर्धा यायच्या आत कुठेतरी फट् झालं. स्पीकर गेले, पंखा गेला, वरचा फ्रिज घरघरत थांबला, तळमजल्यावर दातांच्या डॉक्टरांचा पाण्याचा पंप बंद पडला. सगळी इमारत गपगार झाली. कबुतरंसुद्धा घुमायची थांबली.

मग बाईंनी भाषांतराची घडी घातली आणि टाळ्या वाजवल्या. मुख्याध्यापिकांनी टाळ्या वाजवल्यावर न वाजवणारं कोण होतं? सगळ्यांनी वाजवल्या. बाई म्हणाल्या, "उगाच घाबरवत होतात आम्हाला. किती संयत होतं." सेक्रेटरींनी आभार मानले आणि ध्वनिमर्यादा पाळल्याबद्दल बँडचं खास अभिनंदन केलं. लोकांनी चहा घेतला, बिस्किटं घेतली. असे कार्यक्रम वारंवार व्हावेत असं म्हणत एकेक जण गेला. गादी कुणी नेली नाही. जावई मान खाली घालून दोन्ही पाहुण्यांना टेम्पोत चढवून घेऊन गेले. विजेचा माणूस सकाळी येणार होता. पाच वाजले आणि परवानगी संपली.

काका पाळण्यातल्या गादीवर तसेच बसून होते. काकू समोर येऊन गाद्यांच्या ढिगावर टेकल्या. त्यांना वाटलं होतं काका रडत असतील. काका विचारात होते.

"ते चौघे ना," काका म्हणाले, "जगातला सर्वांत मोठा आवाज त्यांचा. आणि त्यातला एक जण सुरू करायच्या आधी विचारतोय, फार जोरात तर होणार नाही ना म्हणून. आज कळलं. कोण असेल गं तो? मला वाटतं ड्रमवाला. नाही, ड्रमवाला कसा विचारेल?"

"मग बाकीच्यांनी काय सांगितलं त्याला?"

काकांनी तो क्षण मनातल्या मनात पुन्हा लावून बघितला.

"काही नाही. कुणी काही म्हणालंच नाही. त्याने विचारलं आणि लगेच वाजवायला लागले."

"बघा," काकू म्हणाल्या. "विचारतो तोही. पण तो उत्तराची वाट बघत बसला नाही."

एवढं बोलून त्या कपबशा गोळा करायला उठल्या. काका मात्र बराच वेळ तिथेच होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तो भाव होता जो छापखान्यात दुर्मिळ वेळी दिसायचा: साऱ्यांच्या नजरेतून सुटलेली चूक सापडावी, आणि ती आपलीच निघावी.

सोमवारी सकाळी वीज आली. काकू बाहेरून येतात तो काका जुन्या रेकॉर्ड प्लेअरपुढे पक्कड घेऊन बसलेले. इतकी वर्षं दोनवर राहून बटण तिथेच गंजलं होतं. हाताने हलेना.

"विचारलंत का कुणाला?" काकूंनी विचारलं.

"विचारलं," काका म्हणाले. "स्वतःला."

"काय म्हणाले?"

"उत्तरासाठी थांबलो नाही मी."

काकूंनी कानात घालायला कापूस काढला, मग तो परत डबीत ठेवला, आणि त्या खुर्चीवर बसल्या. काकांनी सुई ठेवली, पक्कड लावली आणि जोर केला. बटण कुरकुरलं, तीनवर आलं, चारवर अडखळलं, आणि मग एकदम सुटून थेट दहावर जाऊन आदळलं. पुन्हा मागे येईना.

खरखर आली, खोली आली, खुर्ची सरकली. तो आपला घाबरत विचारून गेला. कुणी त्याला उत्तर दिलं नाही.

मग ते आले. मांजराच्या पिल्लांचे स्पीकर असतील, पण आयुष्यभर साठवलेला दम त्यांनी त्या दिवशी बाहेर काढला. कपाटातले चमचे नाचायला लागले. खिडकीची काच गाण्यात सामील झाली. भिंतीवरच्या गाद्या धपाधप धूळ सोडत होत्या, जणू कुणी काठीने झोडपत होतं. काकांच्या छातीच्या पिंजऱ्यात कुणीतरी राहायला आलं. आणि तेवढ्यात डाव्या कानाने त्यांना ते सापडलं. ड्रमच्या प्रत्येक ठोक्याच्या आधी एक बारीकसं कुंई होतं. मोठा ड्रम वाजवायची, ड्रमवाल्याच्या पायाखालची पट्टी! तिला कुणी तेल दिलं नव्हतं. ती जड जात होती, म्हणून तो केसभर उशिरा येत होता. मुद्दाम नव्हतं. चूकच होती ती, छापून गेलेली, जगभर गेलेली, आणि तिच्याशिवाय ते गाणं अगदी कुणाचंही झालं असतं. काकांचा हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला. मग त्यांनी तो मांडीवर ठेवला, आणि तो मांडी वाजवायला लागला. अर्थात केसभर उशिरा.

काकूंचं तोंड हलताना त्यांना दिसलं. त्या काहीतरी विचारत होत्या, बहुतेक बाळ आलं का म्हणून. काकांनी मान हलवून नाही म्हटलं, आणि दोघंही हसायला लागले. हसण्याचा आवाज मात्र दोघांपैकी कुणालाच आला नाही.

बाहेर जिन्यात वरच्या बाई काठी घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या मागे सेक्रेटरी होते, आणि सेक्रेटरींच्या मागे तोंड किंचित उघडं ठेवून दातांचे डॉक्टर. बाईंनी बेल वाजवली. मग सेक्रेटरींनी वाजवली. मग बराच वेळ तिघांनी आळीपाळीने वाजवली, आणि शेवटी दारावर काठी आपटली.

आत अनुस्वारकाकांना काही ऐकू गेलं नाही. आणि त्यात कानाचा काही दोष नव्हता.